पापलेट, लेप आणि पाकट: चपटं म्हणजे नेमकं कुठून चपटं?

खारावारा:
रविवारी सकाळी आठवीतल्या लेकीला घेऊन मिरकरवाड्याला मासे आणायला गेले होते. मावशींच्या टोपलीत पापलेटं होती, बाजूला लेपांची रास आणि खाली फळकुटावर एक लहानसं पाकट. लेक बराच वेळ उकिडवी बसून बघत होती. मग म्हणाली, "आई, हे तिन्ही चपटेच आहेत ना? मग पापलेटाला इकडे एक डोळा, तिकडे एक डोळा. लेपाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. पाकटाचे दोन्ही वरती आणि तोंड खाली. असं का?"

मला उत्तर देता आलं नाही. मावशी म्हणाल्या, "देवानं दिलंय तसं." ते ऐकून लेकीचं समाधान होईना. घरी आल्यावर तिने वहीत यादीच सुरू केली: पान चपटं, ढेकूण चपटा, पोहे चपटे, रक्तातल्या लाल पेशी चपट्या (हे शाळेच्या पुस्तकातलं), नागाचा फणा चपटा. आता ती दोन प्रश्न घेऊन बसली आहे. चपटं असण्याचा फायदा काय? आणि या सगळ्यांचा चपटेपणा एकच का?

इथे डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत, समुद्राजवळचे लोक आहेत. जरा नीट सांगा. तिला वाचून दाखवणार आहे.

चाळकरी:
यादीत पापड राहिला की! बाकी धागा छान, वाचनखूण साठवली.

सागरगोटा:
ताई, तुमच्या लेकीने अगदी मर्मावर बोट ठेवलंय. मी मत्स्यशास्त्र शिकलो, पण हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत मला वर्गात कुणी विचारला नव्हता.

हे तीन मासे तीन वेगळ्या तऱ्हांनी चपटे झालेत. पापलेट दोन्ही कुशींकडून दाबलेलं आहे, म्हणजे पुस्तक उभं धरावं तसं. ते पाण्यात उभंच पोहतं, डावी-उजवी बाजू सारखी, म्हणून प्रत्येक बाजूला एक डोळा. (२०२३ साली ते महाराष्ट्राचा राज्य मासा झालं, हेही लेकीला सांगा.)

पाकट मुशीच्या (शार्कच्या) कुळातलं, हाडांऐवजी मऊ कुर्च्यांचा सांगाडा असलेलं. ते पाठ आणि पोट या दिशेने दाबलेलं आहे, जमिनीवर ठेवलेल्या पुस्तकासारखं. पाठ वर, पोट खाली. डोळे पाठीवर, तोंड आणि कल्ल्यांच्या फटी पोटाकडे. वाळूत तोंड रुतलेलं असताना श्वासाचं पाणी कुठून घ्यायचं? त्यासाठी डोळ्यांमागे दोन भोकं असतात, त्यांतून ते पाणी आत ओढतं.

आता लेप. लेप पापलेटासारखाच कुशींकडून दाबलेला आहे, पण तो एका कुशीवर कायमचा आडवा झालाय. पुस्तक उभं होतं, ते आडवं पडलं. त्यामुळे ज्याला आपण लेपाची पाठ म्हणतो ती खरं तर त्याची डावी कूस आणि खालची पांढरी बाजू म्हणजे पोट नव्हे, उजवी कूस. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू चारचौघा माशांसारखं उभं पोहतं, डोळे दोन्हीकडे. मग काही आठवड्यांत एक डोळा कवटीवरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो. कवटीच वळते. बेडकाच्या पिल्लाला बेडूक करणारं थायरॉइडचं संप्रेरकच इथेही हा बदल घडवतं.

तेव्हा पहिला नियम: काही चपटं दिसलं की आधी विचारायचं, कोणत्या बाजूने चपटं?

उंबरठा:
बाप रे. इतकी वर्षं लेप खातेय आणि पांढऱ्या बाजूला पोट समजत होते! आमच्याकडे लेप सोलूनच आणतात, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. अवांतर: लेप कोकम लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. दुसरं काही करू नये.

चाळकरी:
उंबरठाताई, रव्यात घोळवा. तांदळाचं पीठ बांगड्याला.

सागरगोटादादांचा नियम वाचून लहानपणचे ढेकूण आठवले. लालबागची चाळ, दहा बाय बाराची खोली, त्यात आठ माणसं. दर रविवारी लोखंडी खाट गॅलरीत काढून आजी सांध्यांमध्ये उकळतं पाणी ओतायची. आम्हा पोरांचं काम एकच: पोस्टकार्ड फटीत घालून ढेकूण बाहेर काढायचे. उपाशी ढेकूण कागदासारखा पातळ, एटीएम कार्ड जाईल एवढ्या फटीत दिवसभर बसून राहतो. रात्री रक्त प्यायला की तोच टम्म गोल होतो, मग त्याला फटीत परत शिरताना त्रास होतो. पोट भरलेला ढेकूण आजीला पटकन सापडायचा, कारण तो भिंतीवरच रेंगाळत असायचा.

म्हणजे ढेकूण पाकटासारखा, पाठ-पोट दाबलेला. बरोबर ना?

मांजरकेस:
बरोबर. आणि पिसू पापलेटासारखी! माझ्याकडे तीन मांजरं आहेत, त्यामुळे पिसूशी जुनी ओळख. फणीने केस विंचरताना पिसू दिसते ती बाजूने. वरून पाहिली तर नुसती काळी रेघ. तिला केसांच्या जंगलातून दोन झाडांमधून जावं तसं जायचं असतं, म्हणून ती कुशींकडून दाबलेली. अंगावरचे राठ केस मागे वळलेले, म्हणजे पुढे सरकणं सोपं, मागे ओढणं अवघड. दोन बोटांत धरून चिरडायला गेलात तर चिरडत नाही, कारण ती आधीच दाबलेली! नखावर नख घ्यावं लागतं.

ढेकणाला फट आडवी मिळते, पिसवेला वाट उभी मिळते. दोघेही रक्तच पितात, पण राहायची जागा वेगळी.

सागरगोटा:
मांजरकेस, हे उत्तम मांडलंत. मी आता वर्गात असंच सांगणार.

चाळकरी:
झुरळही यात येईल. ते ढेकणाइतकं चपटं नसतं, पण स्वतःला दाबून घेतं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या संशोधकांनी मोजलं होतं: चालताना साधारण १२ मिलिमीटर उंच असलेलं झुरळ ३ मिलिमीटरच्या फटीतून पार होतं. टणक कवचाच्या पट्ट्या एकमेकींवर सरकतात. मोरीच्या जाळीखालून ती कशी येतात याचं उत्तर मला तेव्हा मिळालं.

मोजपट्टी:
लपणं आणि घुसणं हा एक फायदा झाला. दुसरा फायदा हिशेबाचा आहे. मी यंत्र अभियंता, पण हा हिशेब पोळपाटावर करता येतो.

कणकेचा १ सेंटिमीटरचा घन घ्या. सहा बाजू, एकूण पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. आता तीच कणीक १ मिलिमीटर जाडीची लाटा. वरची बाजू १० चौरस सेंटिमीटर, खालची १०, कडा धरून एकूण साधारण २१. कणीक तेवढीच, पण बाहेरच्या जगाशी गाठ साडेतीनपट. ज्याला हवा, पाणी, उष्णता, ऊन आत घ्यायचं आहे किंवा बाहेर टाकायचं आहे, त्याने चपटं व्हावं. म्हणून पान चपटं, हत्तीचे कान चपटे, चपातीही चपटी. आणि म्हणूनच तांदूळ शिजवावा लागतो, पण पोहे नुसते भिजवले तरी चालतात.

भाताचं_खाचर:
पोह्यांबद्दल सहमत नाही. आमच्या मामाची पोह्यांची भट्टी होती, मे महिन्याच्या सुट्ट्या तिथेच गेल्या. भात भिजवून, निथळून, गरम वाळूत भाजतात आणि गरम असतानाच दाबतात. म्हणजे दाबायच्या आधीच आतला दाणा शिजलेला असतो. पोहे भिजवून खाता येतात ते शिजलेले आहेत म्हणून. चपटेपणाचं श्रेय त्या वाळूला द्या.

मोजपट्टी:
हे मला माहीत नव्हतं. मग माझं उदाहरण चुकलं का?

तांबडी_माती:
चुकलेलं नाही. दोघंही थांबा, आमच्या सावंतवाडीकडे याची परीक्षा रोज होते.

उकडा तांदूळ घ्या. तोही आधी उकडलेला, म्हणजे खाचरभाऊंच्या म्हणण्याप्रमाणे आधीच शिजलेला, मग वाळवलेला. फक्त दाबलेला नाही. आता तो पोह्यांसारखा नुसता भिजवून खाऊन दाखवा! उलट तो शिजायला साध्या तांदळापेक्षा जास्त वेळ घेतो. पेज करायची तर चुलीवर तासभर.

तरी खात्री म्हणून काल तीन वाट्या मांडल्या: साधा तांदूळ, उकडा तांदूळ, जाड पोहे. तिन्हींत गार पाणी. दहा मिनिटांनी पोहे बोटांत कुस्करले. साधा तांदूळ दाताखाली कच्चा. उकडा तर दगडच, तासाभरानेही मध्ये टणक गाभा लागत होता. म्हणजे नुसतं शिजलेलं असून भागत नाही, चपटंही व्हावं लागतं. आणि कच्चा तांदूळ दाबला असता तर लवकर भिजला असता, पण कच्चाच राहिला असता. दोघांचंही बरोबर आणि दोघांचंही अर्धंच.

भाताचं_खाचर:
उकड्याचा विचार मी केलाच नव्हता. मान्य. वाटीतले पोहे मग वाया घालवले नाहीत ना?

तांबडी_माती:
दही, गूळ, ओलं खोबरं. दहा मिनिटांत संपले.

मोजपट्टी:
तांबडी माती, तुमच्या वाटीने माझा अर्धा राहिलेला हिशेब पूर्ण केला. पृष्ठभाग साडेतीनपट झाला हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट आतल्या अंतराची आहे. घनाच्या मध्यावरचा कण बाहेरून अर्धा सेंटिमीटर आत होता, लाटल्यावर तो अर्ध्या मिलिमीटरवर आला. दहापट जवळ. पण आपोआप पसरत जाणाऱ्या गोष्टींना लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने बदलतो. दहापट जवळ म्हणजे शंभरपट लवकर! पाणी दाण्यात शिरतं तेव्हा आणखीही काही घडतं, पण मुख्य गणित हेच.

सजीवांना हे गणित फार कडक लागू होतं. साचलेल्या पाण्यातून ऑक्सिजनला १ मिलिमीटर पसरत जायला काही मिनिटं पुरतात, १ सेंटिमीटरला काही तास लागतात. ज्याच्याकडे हृदय नाही, रक्त नाही, त्याला पातळ राहण्यावाचून गत्यंतर नाही. चपटे कृमी, म्हणजे प्लॅनेरिया, असेच जगतात. पट्टकृमीला तर आतडंही नाही, सगळं अन्न अंगाच्या पृष्ठभागातून. फितीसारखा लांब झाला तरी चालतं, जाड होऊन चालत नाही.

सूक्ष्मदर्शी:
मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून लाल पेशींबद्दल लिहिते. यादीत ती आहे, पण तिथेही "चपटी" हा शब्द थोडा फसवतो.

लाल पेशी नाण्यासारखी नाही. पेढा वळून मध्ये अंगठा दाबतात ना, तसा दोन्ही बाजूंनी अंगठा दाबलेला पेढा. रुंदी साधारण ७ ते ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कडेला जाडी दोनच्या आसपास, मध्ये जेमतेम एक. काचपट्टीवर रक्त पसरून रंगवलं की प्रत्येक पेशी कडेला गडद आणि मध्ये फिकट दिसते. रोज शेकडो पाहते, तरी त्या फिकट ठिपक्याकडे बघायला मला अजून आवडतं.

पुस्तकात लिहितात की ऑक्सिजन लवकर आत यावा म्हणून हा आकार. ते आहेच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. या पेशीचं आवरण आतल्या मालाच्या मानाने सैल असतं. पृष्ठभाग साधारण १४० चौरस मायक्रॉन. तेवढ्याच आकारमानाचा गोळा केला, तर १०० च्या आसपासच लागेल. ही जी चाळीस टक्के जादा "साडी" आहे, तिच्या निऱ्यांमुळे पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून दुमडून, लांबट होऊन निघते. पलीकडे गेली की पुन्हा पेढा. साधारण १२० दिवस हे चालतं. फुगा पूर्ण फुगवला की दुमडत नाही, अर्धा फुगवला तर कसाही दुमडतो.

याचा पुरावा आजारात दिसतो. काही घराण्यांत आवरणाच्या दोषामुळे लाल पेशी गोल होतात. काचपट्टीवर त्या लहान, गडद आणि मध्ये फिकटपणा नसलेल्या दिसतात. त्यांच्यात ऑक्सिजन जातो, हिमोग्लोबिनही चांगलं असतं, पण प्लीहेच्या अरुंद फटींतून त्यांना निघता येत नाही आणि तिथेच त्या मोडतात. मग पंडुरोग, कावीळ, पित्ताचे खडे. अशा पेशी विरळ मिठाच्या पाण्यात ठेवल्या, तर बाकीच्यांच्या आधी फुटतात, कारण पाणी घेऊन फुगायला निऱ्याच शिल्लक नसतात. ही तपासणी आम्ही पूर्वी हातानेच करायचो, चौदा-पंधरा नळ्या रांगेत लावून. गोल पेशीच्या रुग्णाच्या नळ्या लवकर लाल व्हायला लागल्या, की मला पुढचा अहवाल लिहायच्या आधीच कळायचं.

उंबरठा:
सूक्ष्मदर्शीताई, निऱ्यांची उपमा जन्मभर लक्षात राहील. सिकलसेलमध्येही असंच होतं का? आमचं एक नातेवाईक कुटुंब गडचिरोलीला असतं, तिकडे त्याच्या तपासण्या बऱ्याच होतात.

सूक्ष्मदर्शी:
नाही, ते वेगळं. सिकलसेलमध्ये दोष हिमोग्लोबिनमध्येच असतो. ऑक्सिजन कमी झाला की ते एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात आणि आतून पेशीला विळ्याचा आकार देतात. पेशी ताठर होते, म्हणून अडकते. शेवट सारखा वाटला तरी कारण वेगळं, उपचारही वेगळे. लग्नाआधी दोघांनीही तपासणी करून घ्यावी, एवढं मात्र त्या कुटुंबाला जरूर सांगा.

रानभूल:
आता झाडांकडे वळते. "पान चपटं" हे यादीत आहे, पण चपटं दिसलं म्हणजे पान असेलच असं नाही! फड्या निवडुंगाची हिरवी फडी हे खोड आहे, पानांचे काटे झालेत. आणि कोकणात, गोव्यात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ पाहा. तिची कोयत्यासारखी वाकडी "पानं" म्हणजे चपटे झालेले देठ आहेत. पटत नसेल तर बी रुजवा. रोपाला पहिली पानं आपल्या बाभळीसारखी, बारीक पिसांची येतात. मग देठ रुंद होत जातो आणि पिसं नाहीशी होतात. मी रोपवाटिकेत मुलांना हे दाखवते तेव्हा काही रोपांवर एकाच देठाला खाली कोयता आणि टोकाला पिसं असं दोन्ही सापडतं. मुलं हातातून सोडत नाहीत.

नागाच्या फण्याबद्दल: तिथे कायमचं चपटेपण नाही, मानेच्या बरगड्या पसरून कातडी ताणली की फणा. उडता सोनसर्प हेच सगळ्या अंगाने करतो. झाडावरून झेप घेताना बरगड्या पसरून अंग पट्टीसारखं करतो आणि हवेत वळवळत तरंगत खाली येतो. म्हणजे लपणं, घुसणं, श्वास घेणं यांच्या जोडीला तरंगणं आणि भीती घालणं हेही लिहून घ्या.

दूरदेशी:
मी डब्लिनमध्ये असतो, धागा काल रात्री एका बैठकीत वाचून काढला. चपट्या जीवांच्या गोष्टीत मध्य प्रदेशातलं भीमबेटकाही आहे!

पंचावन्न कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर डिकिन्सोनिया नावाचा जीव होता, रेघारेघांच्या चपट्या गोधडीसारखा. तो प्राणी की आणखी काही यावर वर्षानुवर्षं वाद होता. २०१८ साली रशियातल्या जीवाश्मांत कोलेस्टेरॉलचे अंश सापडले आणि प्राणीच, हे ठरलं. २०२१ मध्ये भीमबेटकाच्या गुहेच्या छतावर त्याचा ठसा सापडल्याचं प्रसिद्ध झालं. भारतातला पहिला! मी तेव्हा इतका आनंदलो की ऑफिसात सगळ्यांना चित्र दाखवत फिरलो. २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने जाऊन पाहिलं, तर ते आग्या मोहोळाच्या जुन्या पोळ्याचे अवशेष निघाले. आधीच्या शोधाच्या प्रमुख संशोधकांनीही चूक मान्य केली. मला वाईट वाटलं, पण ज्या तत्परतेने त्यांनी ती मान्य केली, त्याचा आदरही वाटला. पोळं काही चपटा प्राणी नव्हे, पण खडकाला चिकटून झिजलं की तसं दिसतं.

चाळकरी:
आग्या मोहोळ? म्हणजे पहिल्यांदा पाहणारे नशीबवान, तेव्हा माशा घरी नव्हत्या.

आता कुणी "पृथ्वी चपटी" म्हणायच्या आत मीच म्हणतो: ती आहेच, ध्रुवांवर थोडीशी! विषुववृत्ताची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा साधारण २१ किलोमीटरने जास्त. शनी तर दहा टक्के चपटा, साध्या दुर्बिणीतूनही कळतो. ते फिरण्यामुळे.

सागरगोटा:
चर्चा शनीपर्यंत गेली, आता मी तिला पुन्हा वाळूत आणतो. लेपाच्या डोळ्याची एक गोष्ट राहिलीच.

डार्विनला हा डोळा जड गेला होता. मिव्हार्ट नावाच्या टीकाकाराने १८७१ मध्ये विचारलं, की डोळा अर्धवट सरकलेल्या माशाला फायदा काय? पूर्ण पलीकडे जाईपर्यंत तो वाळूतच रुतलेला राहणार. प्रश्न रास्त होता. डार्विनने 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या आपल्या पुस्तकाच्या १८७२ च्या आवृत्तीत उत्तर दिलं: लहान पिल्लं तळाशी पडून खालचा डोळा वर वळवायचा प्रयत्न करताना दिसतात, त्या सततच्या ओढीचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेला असावा. या उत्तराचा दुसरा भाग आज आपण मानत नाही. पण अर्धवट डोळ्याचा मासा कुणी पाहिला होता?

तो २००८ मध्ये सापडला, आणि समुद्रात नव्हे. मॅट फ्रीडमन यांनी युरोपातल्या संग्रहालयांतले जुने जीवाश्म नव्याने तपासले. साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीचे मासे, पूर्ण वाढलेले. त्यांचा एक डोळा कवटीच्या माथ्याकडे सरकलेला, पण मधली रेघ न ओलांडलेला. म्हणजे अर्धवट डोळ्याचे मासे होते, वाढत होते, जगत होते. हे वाचलं त्या दिवशी मी संध्याकाळी बाजारात जाऊन लेप विकत घेतला आणि तो नुसता बघत बसलो.

खारावारा ताई, लेकीला सांगा: सोललेला लेप घेऊ नकोस. अख्खा आण आणि दोन्ही बाजूंना कल्ल्याची फट शोध. पाठ आणि पोट असेल तर पाकटासारख्या फटी एकाच बाजूला असतील. दोन कुशी असतील तर दोन्हीकडे फट असेल.

खारावारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा आम्ही दोघींनी तीन रात्री वाचला. पोह्यांच्या भांडणाशी आली तेव्हा तिने स्वतः उकडा तांदूळ भिजत घातला, सकाळपर्यंत वाटी हलवू दिली नाही.

आज पुन्हा मिरकरवाड्याला गेलो. मावशींना सांगितलं, सोलू नका. त्यांनी विचारलं का, तर लेकीने त्यांना पुस्तक उभं, पुस्तक आडवं असं हातांनी करून दाखवलं. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी टोपलीतला मोठा लेप उचलला, पालथा केला आणि पांढऱ्या बाजूला डोक्याखाली नख घालून म्हणाल्या, "ही बघ." बारीक चीर, आत लालसर कल्ले. मग सुलटा करून वरच्या बाजूलाही तसंच. दोन्हीकडे फट.

लेकीने तो लेप हातात धरून दोन्ही डोळे वर येतील असा आडवा केला, मग हळूच उभा केला. उभा धरल्यावर तोंड एकीकडे ओढल्यासारखं वाकडं दिसत होतं. ती म्हणाली, "आई, हा पापलेटासारखाच पोहत होता, आठवतंय त्याला."

मावशींनी त्या लेपाचे पैसे घेतले नाहीत.